विश्लेषण : पोलिसांचा वायरलेस ऐकणारा ‘स्कॅनर’ सोलापुरात घ्यावा का?

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीने सोलापूर जिल्ह्याची झोप उडवली. माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावांत पाणी शिरले. बचावासाठी एनडीआरएफ आणि लष्कराला बोलवावे लागले. लांबोटीजवळ पाणी वाढल्याने सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. अशा रात्री नदीकाठच्या माणसाला एकच गोष्ट हवी असते : पाणी कुठवर आले, याची खरी बातमी. टीव्हीवर मुंबईचा पाऊस चालू असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणत्या वर्षाचा कोणता व्हिडिओ फिरतो आहे, ते सांगणे अवघड.

मग कुणाच्या तरी मनात येते, की पोलिसांच्या आणि अग्निशमन दलाच्या वायरलेसवर जे बोलले जाते, ते थेट ऐकता आले तर? यूट्यूबवर अमेरिकेतील हौशी मंडळी हातात एक यंत्र घेऊन शहरातील पोलिसांचे संभाषण ऐकताना दिसतात. त्या यंत्राला ‘डिजिटल रेडिओ स्कॅनर’ म्हणतात. कोणता स्कॅनर चांगला, किती रुपयांना मिळतो, सोलापुरात चालेल का, असे प्रश्न पुढे येतात. पहिल्या दोन प्रश्नांआधी तिसऱ्याचे उत्तर पाहायला हवे, कारण त्यावर पैसे आणि कदाचित पोलीस ठाण्याची पायरी, दोन्ही अवलंबून आहे.

स्कॅनर नेमके काय करतो?

घरातल्या एफएम रेडिओवर आपण एक केंद्र लावतो आणि ऐकत बसतो. स्कॅनर असा एका जागी थांबत नाही. तो एका सेकंदात अनेक फ्रिक्वेन्सी तपासत जातो आणि जिथे कुणी बोलताना सापडते तिथे थांबतो. बोलणे संपले की पुन्हा पुढे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, विमानतळ, रेल्वे यांचे वायरलेस संभाषण सतत चालू नसते. तीस सेकंद आवाज, मग दहा मिनिटे शांतता. म्हणून एकच चॅनेल धरून बसण्यापेक्षा सगळीकडे फिरणारे यंत्र उपयोगी पडते.

जुन्या काळी हे सोपे होते. वायरलेस ‘अ‍ॅनालॉग’ होता. आवाज जसा बोलला तसा लहरींवर स्वार व्हायचा आणि योग्य फ्रिक्वेन्सी लावली की कुणालाही ऐकू यायचा. आता जगभरातील पोलीस दले डिजिटल यंत्रणेकडे वळली आहेत किंवा वळत आहेत. आवाजाचे आधी आकड्यांत रूपांतर होते आणि ते आकडे पाठवले जातात. जुन्या सेटवर ते ऐकले तर फक्त घरघर ऐकू येते.

त्यातही पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत ‘पी-२५’, युरोपात ‘टेट्रा’, तर कारखाने, हॉटेल, बांधकाम प्रकल्प अशा ठिकाणी ‘डीएमआर’ जास्त दिसते. डीएमआरमध्ये एकाच चॅनेलवर दोन संभाषणे चालतात. एकेरी पुलावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या आळीपाळीने सोडाव्यात, तसे. टेट्रामध्ये अशी चार संभाषणे बसतात. दिल्ली पोलिसांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास टेट्रा यंत्रणा आणली होती.

आणखी एक गुंता ‘ट्रंकिंग’चा. एसटी स्टँडवर प्रत्येक गावच्या गाडीला ठरलेला फलाट असतो, तशी जुनी पद्धत होती. अमुक ठाण्याचे अमुक चॅनेल. ट्रंकिंगमध्ये ठरलेला फलाट नसतोच. नियंत्रण करणारा संगणक रिकामा असेल तो फलाट दर वेळी जाहीर करतो. एका वाक्याला एक फ्रिक्वेन्सी, उत्तराला दुसरी. हे जाहीर होणारे फलाट ओळखून मागे मागे धावणारा स्कॅनर महाग पडतो. युनिडेन कंपनीचा ‘एसडीएस १००’ हा २०१८ मध्ये बाजारात आलेला हातातला सेट याच कामासाठी नावाजलेला आहे. त्याची अमेरिकेतील किंमत साडेसहाशे ते सातशे डॉलरच्या घरात आहे.

आणि एवढे पैसे घालूनही एक कुलूप उघडत नाही. ते म्हणजे ‘एन्क्रिप्शन’. संभाषण सांकेतिक किल्लीने बंद केलेले असेल, तर जगातला कोणताही विकत मिळणारा स्कॅनर ते उघडत नाही. दुकानदार काहीही सांगो.

अमेरिकेत चालतो, मग इथे का नाही?

अमेरिकेत पोलिसांचे उघडे संभाषण ऐकणे हा साधारणपणे गुन्हा नाही. छोट्या शहरांतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत स्कॅनर वर्षानुवर्षे कोपऱ्यात कुजबुजत असतो. आगीची पहिली खबर बातमीदाराला तिथूनच मिळते. तरी तिथेही सरसकट मोकळीक नाही. मोबाइल फोनच्या पट्ट्यातले ऐकू शकणारे स्कॅनर विकायला १९९०च्या दशकातच बंदी आली. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवायचा तर वेगळे नियम आहेत. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांनी गेल्या काही वर्षांत आपले संभाषण कुलूपबंद करायला सुरुवात केली, आणि तिथले पत्रकार त्याविरुद्ध आवाज उठवत आहेत. पारदर्शकता मोठी की गोपनीयता, हा वाद तिथे अजून चालू आहे. ब्रिटनमध्ये तो केव्हाच संपला. तिथे स्कॅनर विकत घेता येतो, पण आपल्यासाठी नसलेले संभाषण ऐकणे कायद्याने मना आहे, आणि आपत्कालीन सेवा कुलूपबंद टेट्रावर आहेत.

भारताचा कायदा याहून एक पाऊल पुढे आहे. इथे प्रश्न ऐकण्याच्या आधी, यंत्र जवळ बाळगण्यापासूनच सुरू होतो.

कायदा काय म्हणतो?

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने ठरवले, की परवान्याशिवाय कुणी बिनतारी उपकरण बाळगायचे नाही. ‘बोलायचे नाही’ असे नव्हे, ‘बाळगायचे नाही’. त्यात फक्त प्रक्षेपण करणारी यंत्रे नाहीत, ऐकणारीही आली. हे वाचून आजच्या पिढीला नवल वाटेल. पण सोलापुरातील ज्येष्ठांना आठवत असेल, की घरातल्या साध्या रेडिओलाही एके काळी परवाना लागायचा. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्या छोट्या पुस्तिकेवर तिकीट लावून शिक्का घ्यायचा. १९८०च्या दशकात सरकारने ती अट काढून टाकली, म्हणून आज रेडिओ आणि टीव्ही मोकळे आहेत. पोलिसांच्या पट्ट्यातले ऐकणाऱ्या स्कॅनरला तशी सूट मिळालेली नाही.

दुसरा भाग संदेशाचा. १८८५ च्या तार कायद्यातच दुसऱ्याच्या संदेशातील मजकूर बेकायदा जाणून घेण्याचा प्रयत्न हा गुन्हा मानला होता. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार कायदा २०२३ आला आणि त्याची काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. त्यातील कलम ४२ नुसार बेकायदा संदेश मधल्यामध्ये टिपणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रेडिओ उपकरण बाळगायला सरकारची परवानगी किंवा सूट हवी, हे तत्त्व नव्या कायद्यानेही कायम ठेवले आहे.

म्हणजे, ‘मी तर फक्त ऐकतोय, बोलत नाही ना’ हा बचाव अमेरिकेत चालेल. सोलापुरात नाही.

कुणाचा भाऊ किंवा मुलगी अमेरिकेतून येताना असा सेट घेऊन येणार असेल, तर त्यांनाही आधीच सांगितलेले बरे. विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी परवान्याचा कागद मागू शकतात. शिवाय या सेटमध्ये भरलेली माहिती अमेरिका आणि कॅनडाची असते. तिथल्या पिनकोडवरून तो स्थानिक चॅनेल शोधतो. ४१३००१ टाकून त्याच्याकडून काही निघणार नाही.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतो तो सेट?

खरी गल्लत इथे होते. ‘स्कॅनर’ म्हणून शोधले, की महागड्या सेटच्या शेजारी चिनी बनावटीचे हातातले वॉकीटॉकी दिसतात. बाओफेंगचा ‘यूव्ही-५आर’ हा त्यातला जगभर खपलेला सेट. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा मोठ्या पट्ट्यात तो ऐकतो. तेवढ्यावर थांबत नाही, बोलतोही. चुकून बटण दाबले गेले तर तुमच्या घरातला आवाज दुसऱ्याच्या चॅनेलवर जाऊन आदळतो. तो चॅनेल त्या क्षणी कुणी आगीच्या ठिकाणी वापरत असेल, तर काय होईल याचा विचार करावा. डिजिटल संभाषण या सेटवर ऐकू येत नाहीच. म्हणजे ज्या कामासाठी घेतला ते होत नाही, आणि परवान्याशिवाय बाळगल्याबद्दल अडचण मात्र येते.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवरून अनेक ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि महिनाअखेरीस वॉकीटॉकीसह रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, त्याला सरकारची ‘ईटीए’ ही तांत्रिक मंजुरी आहे का, हे ग्राहकाला दिसले पाहिजे, असा त्यांचा गाभा आहे. ‘वेबसाइटवर विकतात म्हणजे चालत असेल’ हा समज त्या नोटिसांनंतर तरी सोडायला हवा.

शेतात, मंगल कार्यालयात किंवा कारखान्याच्या आवारात आपापसांत बोलण्यासाठी सेट हवा असेल, तर मार्ग मोकळा आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे सेट २०१८ च्या नियमांनुसार परवान्याविना वापरता येतात. खोक्यावर हीच फ्रिक्वेन्सी आणि ईटीए आहे का, ते पाहून घ्यावे. याने पोलिसांचे काही ऐकू येणार नाही. येऊ नयेच.

लॅपटॉपला लावायचा ‘डोंगल’ तरी चालेल का?

पेनड्राइव्हएवढा ‘आरटीएल-एसडीआर’ हा हल्लीच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांचा लाडका. मुळात टीव्ही पाहण्यासाठी बनलेल्या या डोंगलमधली चिप कितीतरी मोठा पट्टा ऐकू शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांना कळले आणि हजारो रुपयांच्या यंत्राचे काम लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरकडे आले. २४ ते सुमारे १,७६६ मेगाहर्ट्झ एवढा त्याचा आवाका. प्रक्षेपण तो करू शकत नाही.

शिकण्यासाठी याच्यासारखे दुसरे साधन नाही. एफएम लहरी पडद्यावर कशा दिसतात, विमाने आपली उंची आणि जागा १,०९० मेगाहर्ट्झवर कशी सांगत जातात, हे त्यावर दिसते. ९ जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाल्यावर होटगी रोडकडे मान वर करून पाहणारी मुले वाढली असतील, त्यांना याची गोडी लागू शकते. पण यंत्र स्वस्त झाले, म्हणून दुसऱ्याचा संदेश ऐकण्याचा कायदा सैल झालेला नाही. पोलिसांचे चॅनेल डोंगलवर ऐकणे आणि सातशे डॉलरच्या स्कॅनरवर ऐकणे, यांत कायद्याला फरक दिसत नाही. महाविद्यालयात प्रयोगासाठी वापरायचा असेल, तर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आणि सार्वजनिक प्रसारणापुरता ठेवलेला बरा.

कुणी ऐकले तर बिघडते काय?

कायद्याचे राहू द्या. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडो कुठे उतरले, हे टीव्हीवर थेट दिसत होते आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याचा अंतिम निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पोलिसांची हालचाल त्याच क्षणी बाहेर कळली तर काय होते, याचे याहून मोठे उदाहरण नको. चोराच्या खिशातही स्कॅनर बसतो.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या जवळचे आहे आणि अधिक दुखरे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या त्या पाच जणांत मंगळवेढा तालुक्यातील माणसे होती. त्या दिवसांत मोबाइलवर अशा अफवा राज्यभर फिरत होत्या. वायरलेसवरचे बोलणे तुटक असते. ‘संशयित’, ‘पांढरी गाडी’, ‘चौघे जण’ एवढेच शब्द कानावर पडतात. पोलीस ते पडताळतात, बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही आणि विषय मिटतो. तोच अर्धवट शब्द पाचशे जणांच्या गटात गेला, तर पडताळणीआधी जमाव पोहोचतो. आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ नुसार गुन्हा आहे, आणि ‘मी वायरलेसवर ऐकले होते’ म्हटल्याने तो सौम्य होत नाही. उलट दोन गुन्हे होतात.

तिसरी गोष्ट घरातली. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. आत अडकलेल्यांपर्यंत पोहोचायला कित्येक तास लागले. अशा ठिकाणी वायरलेसवर कोण सापडले, कोणत्या अवस्थेत, हे बोलले जाते. ओळख पटण्याआधीच ते शेजाऱ्याच्या स्कॅनरवरून घरच्यांच्या कानावर जावे का? शिवाय आगीची जागा कळताच बघ्यांच्या दुचाकी निघतात आणि बंबाची वाट अडते, हे प्रत्येक शहराने पाहिले आहे.

आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी जमतात, तेव्हा मोबाइलची रेंज असूनही फोन लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेतही गर्दीच्या वेळी तोच अनुभव. तिथे पोलिसांच्या हातातला वायरलेस हीच खात्रीची दोरी. पुण्यात मुख्यालय असलेला राज्य पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग त्यासाठीच स्वतंत्र आहे.

आणि तो ऐकून पूर कळला असता का?

हा मुद्दा स्कॅनरच्या जाहिरातीत कधीच नसतो. वायरलेसवर ऐकू येते ती धावपळ. म्हणजे घटना घडून गेल्यावर यंत्रणा काय करते आहे, ते. इशारा त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच ठिकाणी तयार झालेला असतो.

सीनेचेच पाहा. नदी अहिल्यानगरकडून येते. धाराशिव-करमाळ्याच्या हद्दीतील सीना-कोळेगाव धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे कळले की खाली मोहोळ आणि दक्षिण सोलापूरला काय येणार, याचा अंदाज काही तास आधी बांधता येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरहून थोडे अधिक पाणी. व्हीएचएफ वायरलेस साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. शहरात बसून हातातल्या सेटवर कोळेगावचे काही ऐकू येणार नाही. ऐकू येईल ते लांबोटीला गाड्या अडवल्याचे. तोवर पाणी आलेले असेल.

भीमेकाठीही तीच गत. पंढरपूरकर उजनीकडे डोळे लावून असतात, पण नुसती उजनी पाहून भागत नाही. वीर धरणातून नीरेत सोडलेले पाणी नरसिंहपूरला भीमेत मिसळते. उजनी आणि वीर यांच्या विसर्गाची बेरीज करायची. जुन्या पंढरपूरकरांना ही बेरीज तोंडपाठ असते. चंद्रभागेच्या वाळवंटातील दुकानदार ती रोज करतात आणि त्यासाठी कुणाचा वायरलेस ऐकत नाहीत.

मग हे आकडे मोबाइलवर कुठे मिळतात?

जलसंपदा विभागाची कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी प्रत्यक्ष वेळेची माहिती देणारी यंत्रणा आहे. धरणातील साठा, विसर्ग, पाऊस, नदीची पातळी असे आकडे त्यातून मिळतात. केंद्रीय जल आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘फ्लडवॉच इंडिया’ हे अ‍ॅप आणले. सीनेवर वडकबाळ आणि भीमेवर टाकळी येथे आयोगाची मोजणी केंद्रे आहेत. दक्षिण सोलापुरातील शेतकऱ्याने ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

विजेसाठी ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले हे अ‍ॅप आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज कडाडण्याची शक्यता दाखवते. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून आले की रानात असलेल्या माणसाने ते पाहायला हवे. जनावरे झाडाखाली बांधलेली असतात, आणि माणूसही पाऊस टाळायला तिथेच जातो.

सर्वांत कामाची गोष्ट मात्र डाउनलोडही करावी लागत नाही. २० जुलै २०२३ रोजी सकाळी राज्यातील अनेक मोबाइल एकाच वेळी जोरात किंचाळले आणि पडद्यावर इशारा आला, ते आठवत असेल. अनेकांना फोन हॅक झाल्यासारखे वाटले. ती ‘सेल ब्रॉडकास्ट’ची चाचणी होती. यात टॉवरच आपल्या हद्दीतील सर्व फोनना एकदम संदेश देतो. तुमचा नंबर कुठे नोंदवलेला असण्याची गरज नाही आणि हजारो एसएमएस एकामागून एक जाण्याची रांगही नाही. त्या दिवशी घाबरून कुणी सेटिंगमध्ये जाऊन हे इशारे बंद केले असतील, तर ते आजच चालू करावेत. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षा आणि आणीबाणी’ किंवा ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ असे शोधले की सापडते. घरातल्या आजोबांचा फोनही तपासावा. बंद करणारे बहुधा नातवंडच असते. याच्या जोडीला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ अ‍ॅप ठेवले, तर जिल्हा निवडून मराठीत इशारे मिळतात.

वीज गेली, टॉवर बंद पडला, तर? तेव्हा सेलवर चालणारा साधा रेडिओ आणि आकाशवाणी सोलापूर. दोनशे-तीनशे रुपयांच्या या वस्तूला आता कुणी परवाना मागत नाही, हे आणखी बरे. काही फोनमध्ये एफएमची सोय असते, पण तारेचा इअरफोन जोडावा लागतो, कारण ती तारच अँटेना असते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने फोन उत्पादकांना एफएमची सोय काढू नका, असे कळवले होते ते आपत्तीचा विचार करूनच.

रेडिओचाच नाद असेल तर?

काहींना पुराशी देणेघेणे नसते. त्यांना लहरी पकडण्यातच मजा असते. अशांसाठी भारतात एक सरळ, कायदेशीर आणि प्रतिष्ठेची वाट आहे. ती म्हणजे ‘हॅम’ अर्थात हौशी रेडिओचा परवाना. केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी शाखा त्यासाठी परीक्षा घेते. १२ वर्षांपुढील कुणीही बसू शकतो. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम यांचा अभ्यास लागतो. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर होतो. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला साधारणपणे व्हीयू-३ आणि ‘जनरल’ला व्हीयू-२ ने सुरू होणारे बोधचिन्ह मिळते. तेच तुमचे हवेतले नाव.

‘कोणता सेट घ्यावा’ या प्रश्नाला इथे खरा अर्थ येतो. नव्याने परवाना मिळालेल्याने १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या दोन हौशी पट्ट्यांत चालणारा, हातात मावणारा साधा अ‍ॅनालॉग सेट घ्यावा. डिजिटलच्या मागे लगेच लागू नये. पैसे उरले तर ते सेटवर नव्हे, गच्चीवरच्या चांगल्या अँटेनावर घालावेत, कारण सेटच्या टोकाला असलेल्या रबरी शेपटीपेक्षा तिने कितीतरी जास्त फरक पडतो. डिजिटल घ्यायचाच तर आपल्या टप्प्यातले हॅम मित्र डीएमआर वापरतात की दुसरे काही, हे आधी विचारावे. वेगळ्या पद्धतीचा सेट घेतला तर बोलायला कुणी सापडणार नाही. आणि दुकानदाराने विकताना परवान्याची प्रत मागितली नाही, तर त्या दुकानातून घेऊ नये. हॅम परवाना हातात आला म्हणून पोलिसांचे ऐकायची मुभा मिळत नाही, हेही स्पष्ट असावे.

मुभा मिळते ती बोलायची, आणि वेळ आली तर उपयोगी पडायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरही हादरले होते. लातूर-उस्मानाबादमधील त्या मदतकार्यात हॅम मंडळींनी संदेशवहन केले. २००१ च्या भूजमध्येही केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम योगायोगाने पोर्ट ब्लेअरला आपले केंद्र उभारून बसल्या होत्या. अंदमानचा संपर्क तुटला आणि त्यांच्या छोट्या केंद्रावरून शेकडो कुटुंबांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचली. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच.

स्वतःलाच मदत लागली तर?

पोलीस, आग, रुग्णवाहिका, तिन्हींसाठी ११२. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून चालू आहे. फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून सोलापूरच्या गाडीला कळवले जाते. म्हणून ‘बाळीवेशीत या’ एवढे सांगून भागत नाही. समोरच्याला सोलापूर माहीत नसते. जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची मोठी खूण या क्रमाने सांगावे. रुग्णवाहिकेसाठी २०१४ पासून चालू असलेली १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि पूर, वीज, दरड अशा आपत्तीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक वेगळे आहेत. १०७७ ला दुसऱ्या जिल्ह्यातून फोन करायचा असेल, म्हणजे पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला मोहोळच्या आईवडिलांसाठी, तर आधी सोलापूरचा ०२१७ हा एसटीडी कोड लावावा. नाहीतर फोन पुण्याच्या कक्षात लागेल.